दिवा विझवायच्या आधी

सकाळी ९. साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजचं शटर वर जायच्या आधीच एक छोटी पेट्रोल गाडी दारात. मालक शिक्षक. “मिस्त्री, शाळा अकराची आहे. ती इंजिनाची लाइट तेवढी घालवून द्या.”

घालवायला स्कॅनरवर एक बटण पुरतं, सर. पण त्या बटणासरशी बिघाडाच्या क्षणी कंप्युटरनं टिपून ठेवलेली नोंदही जाते: आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, गाडी किती वेगात. म्हणून आधी वाचायचं, वहीत उतरवायचं आणि पुसायचं सगळ्यात शेवटी.

९.२०. स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावला. कोड पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग. इथं घाई करणारा थेट नवा प्लग आणायला पळतो. कोड फक्त जागा सांगतो. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, ते आपण शोधायचं. पोराला म्हटलं, पहिली कॉइल तिसऱ्यावर लाव, तिसरी पहिल्यावर. कोड पुसून गाडी चालवली. इंजिन पुन्हा थरथरलं आणि आता कोड आला पी०३०३. कॉइलबरोबर दोषही तिसऱ्यावर गेला, म्हणजे चोर सापडला. एक कॉइल बदलली, वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारली, दिवा पुन्हा लागला नाही. सर शाळेत वेळेवर.

त्यांना एवढंच बजावलं: दिवा नुसता लागला तर गाडी बेतानं चालवत आणा, लुकलुकायला लागला तर बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो गेला की कॉइलच्या कितीतरी पट खर्च.

११.३०. बॅटरीची वायर काढून दिवा घालवलेली गाडी. दिवा परत आलाय, वर इंजिनानं शिकलेलं इंधनाचं गणितही पुसलं गेल्यानं आयडलिंग डळमळतंय. बघितलं तर घुशीनं सेन्सरची वायर कुरतडलेली. पावसाळ्यात हे नेहमीचंच.

१.३०. जेवण.

२.३०. बीएस-६ डिझेल, डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. गाडी रोज बाजारपेठेतच फिरते, फिल्टर तापतच नाही, काजळी साचते. काजळी अजून मर्यादेत होती, म्हणून आनेवाडीच्या दिशेनं हायवेला एका लयीत पळवली. काजळी जळाली आणि दिवा आपोआप गेला. “डीपीएफ काढूनच टाका ना,” मालक म्हणाले. ते काम मी करत नाही. तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

५.००. एका ताईंना जुनी गाडी घ्यायची होती, तपासायला आणली. डॅशबोर्ड स्वच्छ, एकही कोड नाही. पण स्कॅनरवर कोड पुसल्यानंतरचे किलोमीटर दिसतात: ११. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर यांच्या स्वचाचण्याही अपूर्ण. विकणाऱ्यानं नुकताच दिवा मारलाय. ताईंना म्हटलं, आठवडाभर चालवून परत दाखवायला सांगा, तोवर इसार देऊ नका.

७.३०. शटर खाली. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: दिवा दिसत नाही यावर विश्वास ठेवू नका. पैसे मोजण्याआधी स्कॅनर लावून घ्या आणि कोड कधी पुसलेत ते विचारा.