रणगाडे मोजता येतात. सायबर बळाचे काय?

अहिल्यानगरला पाहुणे आले की आम्ही त्यांना भुईकोट किल्ला दाखवतो आणि मग रणगाडा संग्रहालयात नेतो. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात शर्मन, सेंच्युरियन, विजयंता आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन असे रणगाडे ओळीने उभे आहेत. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्थाही याच शहरात. त्यामुळे ‘देशाचे बळ’ म्हटले की नगरकराच्या डोळ्यांपुढे पोलाद येते. पोलाद मोजता येते. चिलखताची जाडी, तोफेचा पल्ला, इंजिनाची ताकद यांचा तक्ता मांडता येतो. संगणकांच्या जाळ्यात चालणाऱ्या लढाईचे बळ असे मांडता येईल का, हा प्रश्न आता राष्ट्रीय सुरक्षेचा आहे आणि त्याची उत्तरे चक्रावून टाकणारी आहेत.

जून २०२१मध्ये भारताबद्दल दोन निकाल जवळजवळ एकदमच लागले. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आपल्या सायबर सुरक्षा निर्देशांकात भारताला जगात दहावे स्थान दिले. त्याआधीच्या यादीत आपण सत्तेचाळिसावे होतो. त्याच महिन्यात लंडनच्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक स्टडीज’ या संस्थेने पंधरा देशांच्या सायबर सामर्थ्याचा ताळेबंद मांडला आणि त्यात भारताला तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर बसवले. पहिल्या पायरीवर एकटी अमेरिका. दुसरीवर चीन, रशिया, ब्रिटन, इस्रायल वगैरे. तिसरीवर आपल्यासोबत जपान, इराण आणि उत्तर कोरिया.

यातले खरे कोणते? दोन्ही. फरक आहे तो विचारलेल्या प्रश्नांत. दूरसंचार संघ देशांना प्रश्नावली पाठवतो: कायदा आहे का, घटना हाताळणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे का, प्रशिक्षण चालते का, इतर देशांशी सहकार्य आहे का? आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून आहे, सर्ट-इन ही यंत्रणा २००४पासून, राष्ट्रीय धोरण २०१३चे आणि महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांच्या रक्षणाचे केंद्र २०१४चे. साहजिकच गुण मिळाले. इमारतीत अग्निशामक नळकांडी टांगलेली आहेत का, हे पाहून दिलेले ते गुण आहेत. लंडनच्या संस्थेने मात्र हेरगिरीची पोच, प्रतिहल्ल्याची क्षमता, लष्करी विचाराची तयारी आणि परकीय तंत्रज्ञानावरील अवलंबन तपासले. भारताचे लक्ष बरेचसे पाकिस्तानवरच खिळलेले आहे आणि धोरण आखण्याचा वेग कमी आहे, असा तिचा शेरा होता. आग लागलीच तर ती किती पसरते आणि घर किती दिवसांत पुन्हा उभे राहते, हे मात्र दोन्ही याद्यांतून पुरेसे कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष लागलेल्या आगींकडेच पाहावे लागते. आणि महाराष्ट्रात अशा आगी लागून गेल्या आहेत.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ची. १० ऑगस्ट २०१८ला, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा दिला: एखाद्या बँकेची यंत्रणा फोडून जगभरातील एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत शिजतो आहे. दुसऱ्याच दिवशी कॉसमॉसवर घाला आला. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत का’ अशी विचारणा एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि तिथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी या मार्गात आपला बनावट स्विच बसवला. विचारणा मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायचीच नाही. बनावट स्विच परस्पर ‘होय’ म्हणायचा. म्हणून खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. गेले ते बँकेचे पैसे. बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहार करून ७८ कोटी रुपये आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी काढले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली, पण तो तपास हाती सापडलेल्या माणसांपुरता. संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञगटाने २०१९च्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे त्याच ‘तिसऱ्या पायरी’वरचा देश. निर्बंधांनी गांजलेल्या एका देशाने परकीय चलन मिळवण्यासाठी पुण्यातली सहकारी बँक निवडली. तिच्या दारावर सैन्य नव्हते आणि कुठल्याही ताळेबंदात तिची गणना ‘राष्ट्रीय सुरक्षे’त झालेली नव्हती.

दुसरी घटना त्याआधीची. २७ जून २०१७ला युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम सुटला. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. नेम युक्रेनवर होता, पण फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावा शेवा बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. आमच्याकडचा कांदा-डाळिंब परदेशी निघतो तो मुख्यतः याच बंदरातून. दोन परक्या देशांच्या भांडणात आपले कंटेनर अडकून पडू शकतात, हे तेव्हा कळले. मर्स्कने दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे केले. ते जमले ते एका योगायोगामुळे: कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते, फक्त घानातला एक वाचला होता, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपणा सर्वांना हे कौतुकाने सांगावेसे वाटते.

तिसरी घटना मला सर्वांत अस्वस्थ करते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०२१च्या शेवटी ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीने जाहीर केले, की चीनशी संबंधित एका गटाने भारतातील वीज क्षेत्रातील दहा संस्था आणि दोन बंदरे यांना लक्ष्य केले होते. मात्र मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही त्याच अहवालात होते. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. एकच घटना आणि दोन सरकारांची दोन उत्तरे. आपल्यावर हल्ला झाला की नाही, हे पुराव्यानिशी आणि एका आवाजात सांगता येणे हे सायबर बळाचे पहिले माप मानावे, असे माझे मत आहे. ते जमत नसेल तर प्रतिहल्ल्याची क्षमता असूनही ती चालवायची कुणावर?

हल्ल्यांची संख्या हे माप तर फसवेच. मे २०२५मध्ये भारत-पाक संघर्षानंतर महाराष्ट्र सायबर विभागाने सुमारे १५ लाख हल्ल्यांची नोंद सांगितली. त्यांतले यशस्वी झाले १५०. कुणी नुसते दार ठोठावून पाहिले तरी तो हल्ला, आणि कुलूप फोडून आत शिरले तरी तो हल्लाच.

कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी आधी ऑक्टोबर २०१८मध्ये प्राथमिक नियम आणि ३१ डिसेंबर २०१९ला चार स्तरांची चौकट लागू केली: बँकेचे डिजिटल व्यवहार जितके खोल, तितके नियम कडक. २०२२पासून सर्ट-इनने घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवणे बंधनकारक केले. हे योग्यच झाले. पण सहकाराच्या आमच्या जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यांचे हिशेब आता संगणकावर आहेत, पैसे मोबाइलवरून फिरतात.

हा लेख लिहिताना अशाच एका संस्थेच्या सचिवांना मी विचारले, की बॅकअप ठेवता का? ‘रोज ठेवतो की,’ म्हणत त्यांनी अभिमानाने पेनड्राइव्ह दाखवला. तो मुख्य संगणकालाच लावलेला होता. काढता केव्हा, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘काढायचा कशाला? हरवेल की!’ मग मी त्यांना घानातल्या त्या सर्व्हरची गोष्ट सांगितली. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, टेबलाच्या खणात ठेवला आणि चहा मागवला.