कॉलरा की साधे जुलाब?

चैत्रात स्वामी समर्थांचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी येते, तेव्हा अक्कलकोटला भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीच्या दिवसांत पाणी दूषित झालं, तर जुलाबाचे रुग्ण एकदम वाढू शकतात. त्यात कॉलरा असेल, तर तो लवकर कळायला हवा. पण शौचाच्या नमुन्याचं कल्चर करायला प्रयोगशाळा लागते आणि २-३ दिवस जातात. त्यासाठी सोलापूर गाठायचं, तर ते अक्कलकोटपासून सुमारे ४० किलोमीटर.

छोट्या दवाखान्यात पट्टीची तपासणी कामी येते. पाण्यासारख्या पातळ शौचाच्या थोड्या नमुन्यात पट्टी बुडवायची. कॉलराच्या जंतूचे विशिष्ट घटक तिच्यावरच्या प्रतिपिंडांना चिकटले, की १५-२० मिनिटांत रंगीत रेघ उमटते. शेजारची नियंत्रण रेघच दिसली नाही, तर ती पट्टी बाद समजायची.

पट्टी चुकूही शकते. तिचं काम साथीची चाहूल देण्याचं. पक्कं निदान आणि कोणतं प्रतिजैविक लागू पडेल, हे कल्चर सांगतं. त्यासाठी नमुना केरी-ब्लेअर माध्यमात घालून प्रयोगशाळेत धाडतात.

उपचार मात्र कुठल्याच निकालासाठी थांबवू नयेत. पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्यावं. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा रुग्ण मलूल झाला, तर ताबडतोब दवाखाना गाठून सलाईन लावावं.