क्रोन रोगाचे प्रादेशिक प्रमाण

क्रोन रोग हा पचनमार्गाचा चिरकारी (दीर्घकाळ टिकणारा) शोथ (दाहयुक्त सूज) असून तो मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्‌भवू शकतो. तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग व मोठे आतडे ही त्याची नेहमीची स्थाने होत. पोटदुखी, अतिसार, ज्वर व वजन घटणे ही प्रमुख लक्षणे आढळतात. शोथ आतड्याच्या भित्तीच्या सर्व थरांत पसरत असल्यामुळे कालांतराने आतडे अरुंद होणे, नालव्रण पडणे इ. उपद्रव संभवतात. ग्लासगो येथील टी. केनेडी डालझील यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते. परंतु न्यूयॉर्क येथील बरिल बी. क्रोन, लिऑन गिंझबर्ग व गॉर्डन ऑपेनहायमर यांच्या १९३२ मधील निबंधानंतर या विकृतीला स्वतंत्र रोग म्हणून मान्यता मिळाली.

प्रमाणाचे मापन : रोगाचे प्रमाण दोन प्रकारे सांगतात. ठराविक लोकसंख्येत एका वर्षात नव्याने निदान झालेल्यांची संख्या हे पहिले, तर एखाद्या दिवशी त्या लोकसंख्येत असलेल्या एकूण रुग्णांची संख्या हे दुसरे माप होय. दोन्ही मापे सामान्यतः दर लाख लोकांमागे देतात. केवळ रुग्णालयातील नोंदींवरून ही मापे काढता येत नाहीत, कारण दूरवरचे व गंभीर रुग्ण तेथे एकवटतात. त्यासाठी निश्चित प्रदेशातील सर्व रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी उपलब्ध असाव्या लागतात.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड परगण्यात अशी सोय आहे. रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिक व इतर वैद्यांच्या नोंदी एकत्र जोडण्याची योजना तेथे १९६६ मध्ये सुरू झाली. या नोंदींनुसार १९९०–२००० या काळात क्रोन रोगाचे नवे रुग्ण वर्षाला दर लाखामागे ७·९ होते. २०००–१० मध्ये ते १०·७ झाले. एकूण रुग्णांचे प्रमाण २००१ च्या आरंभी १७४ होते, ते २०११ च्या आरंभी २४६·७ वर पोहोचले. हा रोग बहुधा तरुण वयात जडतो, आयुष्यभर राहतो, पण क्वचितच प्राणघातक ठरतो. त्यामुळे नव्या रुग्णांची संख्या स्थिर राहिली, तरी एकूण रुग्णसंख्या वाढतच जाते.

कारणे : उत्तर यूरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे हा रोग अधिक आढळतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. २००१ मध्ये एनओडी २ या जनुकाचा संबंध उघडकीस आला. मात्र यूरोपीय वंशीयांत आढळणारे त्याचे रोगकारक प्रकार जपानी रुग्णांत सापडले नाहीत. धूम्रपानाने रोगाचा धोका वाढतो. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात द. आशियातून आलेल्या स्थलांतरितांमध्ये आतड्याच्या शोथविकारांचे प्रमाण कमी आढळले. परंतु तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना असलेला धोका स्थानिकांच्या जवळपास आला. यावरून बालपणातील परिस्थितीचे महत्त्व स्पष्ट होते.

भारतातील स्थिती : भारतात क्रोन रोग पूर्वी अत्यंत विरळ समजला जाई. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशिया-पॅसिफिक पाहणीत क्रोन रोग व व्रणयुक्त बृहदांत्रशोथ यांसह आतड्याच्या शोथविकारांचे नवे रुग्ण भारतात वर्षाला दर लाखामागे ९·३१ आढळले. पाहणीतील आशियाई प्रदेशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. दर लाखामागील आकडा लहान दिसला, तरी देशाच्या लोकसंख्येमुळे प्रत्यक्ष रुग्णसंख्या फार मोठी होते.

भारतात रुग्णगणनेतील मुख्य अडचण आतड्याच्या क्षयरोगाची आहे. दोन्ही रोगांची स्थाने, लक्षणे, व्रण आणि ऊतकातील कणार्बुदे (शोथजन्य पेशींच्या लहान गाठी) यांत विलक्षण साम्य असते. ऊतकाच्या तुकड्यात क्षयाचे जंतू किंवा पनीरासारखा मऊ झालेला मृत ऊतक दिसल्यास क्षयरोगाचे निदान होते. परंतु अनेक रुग्णांत या खुणा मिळत नाहीत. अशा वेळी प्रथम क्षयरोगविरोधी औषधे देऊन काही महिन्यांनी आतड्याची अंतर्दर्शकाने पुन्हा तपासणी करतात. व्रण भरून न आल्यास क्रोन रोगाचा विचार होतो. चुकीच्या निदानाचे परिणाम दोन्ही बाजूंनी गंभीर असतात : क्रोन रुग्णावर क्षयाचेच उपचार होत राहिल्यास आतडे अरुंद होत जाते, तर क्षयरुग्णाला प्रतिरक्षा दडपणारी औषधे दिल्यास क्षय शरीरभर पसरू शकतो. म्हणून क्षयरोग विपुल असलेल्या प्रदेशातील क्रोन रोगाचे आकडे तेथील निदानपद्धती लक्षात घेऊनच वाचावे लागतात.