माळ कुणाच्या हातून?

वारकरी संप्रदायात माळ घालणे हीच काय ती दीक्षा, पण तिला दीक्षा म्हणावे इतका थाट तिच्यात नाही. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची, जुन्या माळकऱ्याने चार गोष्टी सांगायच्या आणि ती गळ्यात घालायची. वारी चुकवू नये, एकादशी धरावी, रोज हरिपाठ म्हणावा, मांस-मद्याला शिवू नये, परक्याच्या धनावर आणि बाईवर डोळा ठेवू नये, एवढेच ते नियम. वर्गणी नाही, नाव बदलणे नाही, घर सोडणे तर नाहीच. नियम मोडला तर दंड करणारे पीठही नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या नांदूरघाटाच्या आसपास असे माळकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. संघटित धर्म बरा की स्वतःपुरते अध्यात्म, हा वाद शहरात हिरीरीने घातला जातो, पण त्यात या माळेची साक्ष कुणी काढत नाही. माझे म्हणणे असे, की नीतीचा नियम देवस्थानाच्या सत्तेने टिकत नाही आणि एकट्याच्या चिंतनानेही टिकत नाही. ओळखीच्या चार माणसांदेखत आपणहून दिलेल्या शब्दाने तो टिकतो.

या वादाची दोन्ही टोके बीड जिल्ह्यात फार पूर्वीपासून आहेत. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. त्यांचा भर आत्मज्ञानावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या अनुभवावर. उलट गेवराई तालुक्यात गोदाकाठी महानुभावांचे पांचाळेश्वर आहे. चक्रधरांच्या वचनांचा ‘सूत्रपाठ’ केसोबासांनी सिद्ध केला आणि भिक्षा कशी मागावी, अटन कसे करावे इथपर्यंतचे नियम पंथाने बांधून घेतले. वारकऱ्यांची वाट या दोहोंच्या मधून जाते.

ती वाट पाहायची तर पंढरपुरापेक्षा गावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर, शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. यातले कीर्तन सगळ्यांना दिसते. माझे मन मात्र विण्यापाशी अडकते. सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही, हा सप्ताहाचा कणा. त्यासाठी पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. अपरात्री दोन-तीनच्या पहाऱ्याला मंडपात ऐकणारे कुणी नसते, कीर्तनकार झोपलेले असतात, आणि तरी एक माणूस विणा गळ्यात घेऊन उभा असतो. तो का उभा राहतो? नरकाच्या भीतीने नव्हे, आणि तेवढ्या वेळात त्याला काही साक्षात्कार होतो असेही नव्हे. त्याच्या आधीचा माणूस विणा घेऊन वाट पाहत असतो, एवढे कारण पुरते. विणा देताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वय पाहायचे नाही, मान पाहायचा नाही. अधिकाराची उतरंड उभी न करता शिस्त कशी लावावी, हे मला एवढ्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या विधीत दिसलेले नाही. नारळी सप्ताहात हेच तत्त्व गावागावांमध्ये चालते. यंदा सप्ताह एका गावाचा, पुढच्या वर्षीचा नारळ दुसऱ्या गावाने स्वीकारायचा. कुठलेच गाव कायमचे यजमान नाही.

शिस्त अशीच आपोआप वाहते असे मात्र मी म्हणत नाही. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. नेकनूरचे बंकटस्वामी त्याच परंपरेतले, आणि सावरगावचे भगवानबाबा आळंदीला त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे बाबांनी गावोगाव फिरून पशुबळी बंद करण्यासाठी लोकांची मने वळवली. म्हणजे संस्था लागते. पण ती माणसे घडवण्यापुरती. नियमाची मालकी तिच्याकडे गेली की काय होते, हे पंढरपूरच्या देवळाने दाखवले. तिथल्या बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने काढले, तरी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तो झगडा चालूच राहिला. त्या सगळ्या काळात वारी थांबली नाही.

पहिला आक्षेप येतो तो ढोंगाचा. गळ्यात माळ आणि काट्यात खोट, अशी माणसे आहेतच. तुकोबांपासून सगळ्यांनी त्यांना झोडपले आहे. पण ढोंग्याला माळेची गरज का वाटते? गाव माळेवर विश्वास टाकते म्हणून. शिवाय माळ उघड दिसणारी असल्याने बोट दाखवणेही सोपे जाते. कीर्तनाचे मोल घेऊ नये हा तुकोबांचा दंडक, आणि आज बिदागीचे आकडे पंगतीत चघळले जातात. तो दंडक लोकांच्या ओठावर आहे म्हणूनच ना?

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो मी पुरता परतवू शकत नाही. ओळखीच्या माणसांचा धाक म्हणजे गावाचा धाक, आणि गाव जात पाळते. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. पायी पडण्यात समता पाळणाऱ्या संप्रदायाने ते आधी का केले नाही? माझ्या मते उत्तर असे, की माळेच्या नियमांत स्वतःला आवरणे आहे, दुसऱ्यावरचा अन्याय मोडणे नाही. ती उणीव बाहेरून, कायद्याने आणि चळवळीने भरून काढावी लागली. हे कबूल केल्यावरही, कायदा देवळाचे दार उघडतो. रात्रीच्या पहाऱ्याला माणूस उभा करणे त्याच्या आवाक्यातले नाही.

राहिला तिसरा आक्षेप: ओळखीचे गाव सुटले की नियमही सुटणार. याची परीक्षा बीडइतकी क्वचितच कुठे होत असेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कार्तिकी नेमकी त्याच दिवसांत येते, त्यामुळे ती वारी बुडते. संप्रदायाने त्यावर तोडगा पूर्वीच ठेवला आहे: निदान आषाढी चुकवू नये. वारीला मुरड पडते, एकादशीला पडायचे कारण नाही, कारण ती फडातही धरता येते. आणि कोपी करून राहणारी टोळी बहुधा एका गावची, नात्यागोत्याची असते. गाव मागे राहिले, तरी शब्द ज्यांच्यासमोर दिला त्यांतले काहीजण शेजारच्याच कोपीत असतात.