सप्तपर्णीची साल आणि साथीचा ताप

चक्रीफूल ते टॅमीफ्लू

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत लोक फिरू लागले. डॉक्टर मात्र टॅमीफ्लू देत होते. गंमत म्हणजे या गोळीचे मूळही मसाल्याच्या डब्यात सापडते. चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल काढायचे, त्यावर अनेक रासायनिक प्रक्रिया करायच्या, तेव्हा कुठे टॅमीफ्लूतले औषध, ओसेल्टामिविर, हाती येते. नुसते चक्रीफूल चघळून फ्लू हटत नाही.

काढ्याचे प्रमाण

2020 मध्ये कोविडच्या साथीत आयुष मंत्रालयाने काढ्याचे प्रमाण ठरवून दिले: तुळस 4 भाग, दालचिनी आणि सुंठ प्रत्येकी 2, मिरी 1. तीन ग्रॅम भुकटी, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, दिवसातून एकदा-दोनदा. घशाला आराम पडतो. पण आपल्याकडे मिरी सढळ हाताने पडली आणि पातेले दिवसभर गॅसवर राहिले. मग पित्त उसळणारच.

कर्वेनगरच्या रस्त्यावरचे झाड

दिवाळीच्या आसपास संध्याकाळी पुण्यातल्या कर्वेनगरात ज्याच्या उग्र वासाने डोके धरते, ती सप्तपर्णी. तिची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याचे बी यांपासून ‘आयुष-64’ बनते. हे औषध मुळात मलेरियासाठीचे. कोविडमध्ये त्याची चाचणी झाली, तिचे समन्वयक होते पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा. लखनौ, वर्धा आणि मुंबई या तीन केंद्रांत 140 रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आयुष-64 दिले. हे रुग्ण लवकर बरे झाल्याचे एप्रिल 2021 मध्ये जाहीर झाले. मात्र रुग्ण सौम्य ते मध्यम आजाराचे होते आणि कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे निष्कर्ष आशादायक म्हणावा, अंतिम नव्हे. तरी रीत हीच योग्य: ठरलेला घटक, ठरलेली मात्रा, तुलनेला दुसरा गट.

गुळवेल जपून

त्याच काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने शंका घेतली की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. दोन्ही शक्यता गंभीर आहेत. कुंपणावरची वेल तोडून उकळू नका. यकृताचा किंवा ऑटोइम्यून (स्वयंप्रतिकार) आजार असेल तर गुळवेल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि काय घेता ते वैद्यांपासूनही लपवू नका.