इंजिन नसलेलं विमान

बचत, कर्ज, व्याज हे रोजचंच आहे, आज जरा वर आभाळाकडे बघू. पुण्यात हडपसरला ग्लायडिंगचं मैदान आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. पंख लांबलचक, पोट अरुंद, शिकवायच्या ग्लायडरमध्ये एकामागे एक अशा दोनच जागा.

इंजिन नाही, तर वर जातं कसं? मैदानाच्या एका टोकाला विंच असतो, मोठा रहाटच म्हणा ना. दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मधे किलोमीटरभर दोर. विंच दोर भराभर गुंडाळतो आणि पतंग चढावा तसं ग्लायडर मिनिटभरात हजारेक फूट वर जातं. मग चालक दोर सोडतो. तिथून ते हळूहळू खालीच येत असतं, पण एक मीटर उतरेपर्यंत तीसेक मीटर पुढं जातं.

जास्त वेळ वर राहायचं, तर चढती हवा शोधावी लागते. नांगरलेलं काळं रान, उघडा माळ उन्हात लवकर तापतो आणि तिथली हवा वर उठते. पाणी दिलेल्या उसावर तशी उठत नाही. चालक घारींवरही नजर ठेवतात. पंख न हलवता घार घिरट्या घेत वर चालली, की तिथं हवा चढती आहे. काचेवर बाहेरून लोकरीचा छोटा धागा चिकटवलेला असतो. धागा सरळ मागं उडाला तर ग्लायडर नीट चाललंय, तिरका झाला तर आडवं घसरतंय. एवढ्या महागाच्या यंत्रात लोकरीचा धागा! आम्हाला हेच सगळ्यात आवडलं.

उडणं थोडा वेळ, बाकी दिवसभर मैदानात राबणं. एकजण पंखाचं टोक धरून पळतो, एकजण खूण करतो, कुणी दोर परत आणतं, कुणी वहीत वेळ लिहितं. आणि धोका दिसला की कुणीही, अगदी काल आलेली पोरसुद्धा, ‘थांबा’ म्हणून ओरडू शकते. मग उड्डाण थांबतंच. गटाच्या बैठकीत सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या सुनांना हा नियम आम्ही मुद्दाम सांगितला.

आता मुलींचं. शिकाऊ परवान्याला वय 16 पूर्ण, दहावी पास आणि डॉक्टरी तपासणी लागते. सुरुवातीला मागच्या जागेवर शिक्षक असतात, त्यांच्याही हातात दांडा असतो. घरात दहावीची पोर असेल आणि स्थळं यायला लागली असतील, तर आधी तिला एकदा हे दाखवून आणा. उड्डाणाचे दिवस आणि फी आधी विचारून घ्या. डोक्याला रुमाल, सोबत पाणी ठेवा, मैदानात सावली नसते.