अमरावतीच्या बाईंनी मागितलेली जागा

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि कापडाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला कापूस, तूर, सोयाबीनची वावरं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीप्रमाणे इथल्या ग्रामपंचायतीतही निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. आता त्याचं कोणाला नवल वाटत नाही. सोडत निघते, ‘या खेपेला आपल्या वार्डात लेडीज सीट निघाली’ अशी बातमी पारावर येते आणि घराघरांत उमेदवाराचा शोध सुरू होतो. इतकं ते अंगवळणी पडलं आहे.

पण ही जागा कोणी मागितली होती आणि केव्हा, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. कायद्याच्या पुस्तकात तिचा जन्म डिसेंबर १९९२ चा. त्या महिन्यात संसदेनं ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. मागणी मात्र त्याच्याही पन्नास वर्षं आधीची, २० जुलै १९४२ ची. स्थळ नागपूर. आणि त्या दिवशी अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई अमरावतीच्या होत्या. त्यांचं नाव सुलोचनाबाई डोंगरे.

तो जुलै नागपूरला विलक्षण होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूर खात्यासाठी नुकतीच निवड झाली होती. १८ आणि १९ जुलैला मोहन पार्कात देशभरातल्या दलित प्रतिनिधींची परिषद भरली आणि तीतून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा पक्ष उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात बायांची स्वतंत्र परिषद झाली. तिला वीस-पंचवीस हजार बाया आल्या होत्या. जुलै म्हणजे आपल्याकडे पेरणी-निंदणाचे दिवस. मजुरी बुडवल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही असा हंगाम. त्यात पाऊस, चिखल आणि काखेला लेकरू. तरीही त्या आल्या.

या गर्दीमागे बरीच वर्षं साठलेला अनुभव होता. नागपूरच्या जाईबाई चौधरींचंच पाहा. पोट भरण्यासाठी त्यांनी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. शिकायची संधी मिळाली तेव्हा शिकल्या आणि पुढं आपल्या वस्तीतल्या मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. राधाबाई कांबळे गिरणीत राबल्या, कामगारांच्या पुढारी झाल्या आणि मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथं जेवणाच्या वेळी दलित बायांची पंगत वेगळी बसवली गेली. जाईबाईंनी तो अपमान सोसला, पण गिळला नाही. त्यावर निषेधाची सभा झाली. साडेचार वर्षांनी त्याच शहरात या बायांनी स्वतःचा मांडव घातला. तिथं अध्यक्षही त्यांच्यातली, स्वागताध्यक्षही त्यांच्यातली आणि ठराव मांडणाऱ्याही त्यांच्यातल्याच.

त्या दिवसाचे ठराव आज वाचले की ते कालच्या वर्तमानपत्रातले वाटतात. बाईला नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्यानं द्या. एका पुरुषानं अनेक बायका करण्याची चाल बंद करा. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथं राबणाऱ्या बायांना हक्काची रजा, इजा झाली तर नुकसानभरपाई आणि म्हातारपणी पेन्शन द्या. गिरण्यांत बायांवर देखरेखीसाठी बायाच नेमा. प्रत्येक प्रांतात मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृह काढा. आणि कायदेमंडळांत, तशाच इतर सर्व लोकनियुक्त संस्थांत आमच्या बायांसाठी जागा राखून ठेवा.

‘इतर सर्व लोकनियुक्त संस्था’ म्हटल्यावर गावही त्यात आलं. या मागणीचं धाडस कळायला त्या काळचा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. १९३५ च्या कायद्यानं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या आणि त्यांतल्या बायांसाठी फक्त तीन. मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटींना बांधलेला होता. निंदणाला जाणाऱ्या भूमिहीन बाईच्या वाट्याला साधं मतही येणं कठीण. शिवाय देशातल्या मोठ्या महिला संघटना तेव्हा राखीव जागांच्या विरोधात होत्या. सर्वांना सारखं मत द्या, बायांसाठी वेगळी मेहेरबानी नको, अशी त्यांची भूमिका. ती तत्त्वाची होती, पण जिची पंगतच वेगळी बसते तिला खुल्या स्पर्धेत कोण जागा देणार, हे मोहन पार्कातल्या बायांना पुरतं ठाऊक होतं. ज्यांच्याकडे मत नव्हतं, जमीन नव्हती, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, त्यांनी थेट सत्तेतला वाटा मागितला.

सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात मुलींच्या शिक्षणाबरोबर संततिनियमनाचा विषय घेतला. हजारोंच्या सभेत, एका बाईनं, १९४२ साली! भारत सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला तो १९५२ मध्ये. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला होता आणि सभागृहानं तो फेटाळला होता. शिकलेल्या आमदारांना जे पचलं नाही, ते अमरावतीच्या या बाईंनी मजूर बायांपुढं उघड मांडलं. बाबासाहेबही त्या सभेत बोलले. समाज किती पुढं गेला हे आपण त्यातल्या बाया किती पुढं गेल्या यावरून मोजतो, असं त्यांच्या सांगण्याचं सार होतं.

पुढं एकेक ठराव कायद्याच्या दारी पोचू लागला. घटस्फोटाचा हक्क आणि एकपत्नीत्व हे हिंदू कोड बिलाच्या गाभ्यात होतं. ते बिल रखडलं, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. अखेर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दोन्ही गोष्टी आल्या. बाईच्या खुर्चीचा ठराव मात्र मागंच राहिला. राज्यघटनेनं प्रत्येक प्रौढ बाईला मत दिलं, पण राखीव जागा दिली नाही. ग्रामपंचायतीत एक-दोन बाया घेतल्या जात आणि बहुधा त्या कोणाच्या तरी मर्जीच्या असत.

खुर्ची मिळण्याची वाट न पाहता ती जिंकून घेणाऱ्या बायाही महाराष्ट्रात निघाल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडला मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर १९८९ च्या निवडणुकीत काही गावांत सबंध पॅनल बायांचे उभे राहिले आणि निवडूनही आले. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा ही त्यांतली गावं. पंचायतीत सगळ्या बायाच! १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखल्या, ७३ व्या दुरुस्तीनं देशभर किमान एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या.

आता या व्यवस्थेची चाल पाहू, कारण आश्चर्य तिथंही दडलं आहे. कोणती जागा बायांची, हे चिठ्ठ्या टाकून आणि पाळीपाळीनं ठरतं. अनेक ठिकाणी सोडतीच्या वेळी एखाद्या लहान लेकरालाच चिठ्ठी उचलायला सांगतात, म्हणजे कोणाला शंका नको. भांडण टळावं म्हणून केलेली ही सोय समाजशास्त्राच्या फार कामी आली. अमुक गावात बाई प्रमुख झाली म्हणून पाणी आलं, की मुळातच सुधारलेल्या गावानं बाईला निवडलं, हे एरवी सांगता येत नाही. पण राखीव गाव कोणाच्या पसंतीनं ठरलेलं नसेल, तर राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना चोख होते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात अशी तुलना केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की जिथं पंचायतीची प्रमुख बाई होती तिथं गावातल्या बायांनी मांडलेल्या गरजांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त काम झालं.

पुढचा अभ्यास २०१२ चा, पश्चिम बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा. ज्या गावांत लागोपाठ दोन खेपा बाई प्रमुख होती, तिथं मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी आईबापांच्या अपेक्षांतलं अंतर २५ टक्क्यांनी घटलं. मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांतलं अंतर ३२ टक्क्यांनी कमी झालं. शिक्षणातली तफावत तर पुसली गेली. त्या प्रमुख बाईनं मुलींसाठी वेगळी योजना आणली म्हणून हे झालं, असं संशोधकांना दिसलं नाही. कारभार करणारी बाई रोज डोळ्यांपुढं होती, याचाच तो परिणाम असावा, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीवर बसलेली बाई नुसती दिसत राहिली तरी गावातल्या पोरीची उडी लांबते, हे आकड्यांत पकडता आलं.

खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली, असं मात्र नाही. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे चित्र आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘सरपंचपती’ हा शब्द त्यातूनच आला. म्हणून कायद्यानं काही टेकू दिले आहेत. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल, तर तिच्यावरचा अविश्वास ठराव दोन तृतीयांश मतांनी भागत नाही, तीन चतुर्थांश लागतात. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची वेगळी सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. पुरुषांच्या गर्दीत तोंड उघडायला बिचकणाऱ्या बाईला बोलता यावं, हा हेतू. त्या सभेत झालेला ठराव पुढं ग्रामसभेत येतो. तिथं पाणी, रस्ता, शौचालय, अंगणवाडी, काहीही मांडता येतं. बचत गटात हिशेब लिहून, बँकेत जाऊन सरावलेल्या बाया या सभेत पुढं असतात.

आणखी एक तरतूद तर मला अजूनही अचंबित करते. ‘आडवी बाटली’. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं असं किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी लिहून दिलं, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू ठेवायचं तर उभी, बंद करायचं तर आडवी. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळतं. मोजणीचा नियम मात्र कडक आहे. यादीत नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. निवडून आलेल्या आमदाराला पडलेल्या मतांपेक्षा त्याला न पडलेल्या मतांची बेरीज जास्त, असं विधानसभेला चालतं, इथं चालत नाही. जी घरीच राहिली तिचं मत दुकानाच्या बाजूला गेल्यासारखंच. त्यामुळं कामावर गेलेलीला वावरातून बोलावून आणावं लागतं, आजारी म्हातारीला धरून न्यावं लागतं, माहेरी गेलेलीला निरोप धाडावा लागतो. दार न दार गाठल्याशिवाय बाटली आडवी होत नाही. राजकारणात लागणारं सगळं शिक्षण गावच्या बायांना एका मोहिमेत मिळतं.

सुलोचनाबाई आणि त्यांच्या सोबतिणींची हकिकत आपल्यापर्यंत पोचली, यालाही दोन बायांचेच कष्ट कारण आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क कार्यकर्त्या शोधून काढल्या, त्यांच्याकडून ऐकून घेतलं, जुनी नियतकालिकं धुंडाळली आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. ते झालं नसतं तर त्या मांडवातल्या बहुतेक नावांचा मागमूस उरला नसता. तरीही आपल्या शाळांतल्या किती मुलींना सुलोचनाबाईंचं नाव सांगितलं जातं?

१९४२ च्या त्या ठरावाचा एक तुकडा अजून बाकी आहे. गावाच्या खुर्चीचं झालं, कायदेमंडळाच्या खुर्चीचं व्हायचं आहे. लोकसभा आणि विधानसभांत बायांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, पण तिचा अंमल जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधलेला आहे. तोवर जे हाती आहे ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. नांदगाव पेठ असो की तुमचं गाव, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा: ग्रामसभेआधीची महिला सभा केव्हा आहे, मागची कधी झाली, तिच्या प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं आहे. सभा झालीच नसेल तर ती मागा. मत नसताना, जमीन नसताना, भर पावसात नागपूर गाठून ज्यांनी आपल्यासाठी जागा मागितली, त्यांचं ऋण त्या सभेत उभं राहून बोलण्यानंच फिटायला लागेल.